‘शॅल’चे अर्थ किती?

व्याकरणाच्या पुस्तकांत ‘शॅल’ हें इंग्रजी क्रियापद अगदीं गरीब दिसतें: प्रथम पुरुषीं नुसता भविष्यकाळ, द्वितीय व तृतीय पुरुषीं आज्ञा अगर निश्चय. कायद्यांत शिरतांच मात्र तें बहुरूपी बनतें. कोठें तें कर्तव्य लादतें, कोठें ‘अमुक शब्दाचा अर्थ असा समजावा’ एवढेंच सांगतें, तर कोठें केवळ दिशा दाखवितें.

हा वाद निव्वळ वैयाकरणांचा नव्हे. सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणीं लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, असें भारतीय राज्यघटनेचें ३२० वें कलम सांगतें. मुळांत क्रियापद ‘शॅल’च आहे. तरीही १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हा निर्देश आहे, बंधन नव्हे. सल्ला राहिला एवढ्यानें शिक्षा रद्द होत नाहीं. ज्याला शिक्षा झाली, त्याचें भवितव्य एका क्रियापदावर लोंबत होतें!

दक्षिण आफ्रिकेनें १९९६ च्या घटनेंत ‘शॅल’ टाकून ‘मस्ट’ स्वीकारलें. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी नियमांतूनही २००७ सालीं तें गेलें.

संदिग्ध मूळ असतां भाषांतरकारानें न्यायाधीश होऊं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जो मसुदा मुळांतच मराठींत लिहावयाचा, त्यांत ही संदिग्धता उसनी कां आणावी? ‘करील’ हें भाकीत, ‘करावें’ हा उपदेश, ‘केलेंच पाहिजे’ ही सक्ती. आमच्या भाषेनें हे भेद आयते दिले आहेत. लिहिणारानें आपल्या मनांत काय आहे, तेवढें आधीं ठरवावें.