चित्रपटाचा पाठ आणि तबकडीचा पाठ : ‘प्रभात’च्या गृहआवृत्त्यांविषयी काही विचार

कोणताही जुना ग्रंथ हाती घेताना अभ्यासकाचा पहिला प्रश्न असतो, तो ‘ही प्रत कोणती?’ हा. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सिद्ध केलेली तुकोबांची गाथा १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या ठिकाणची हस्तलिखिते ताडून पाहिल्याविना ती सिद्ध झाली नाही. तेव्हापासून गाथेचा विचार करणारास पाठभेदांचा विचार टाळता आलेला नाही. परंतु त्याच तुकोबांवर १९३६ मध्ये ‘प्रभात’ने काढलेला ‘संत तुकाराम’ हा चित्रपट आपण तबकडीवर पाहतो, त्यावर व्याख्याने देतो, विद्यार्थ्यांकडून निबंध लिहवून घेतो, आणि ‘ही प्रत कोणती?’ हा प्रश्न एकदाही विचारीत नाही. या उदासीनतेचे परिणाम काय होतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या तबकड्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली. तिच्या आवारात १९६० साली चित्रपट-शिक्षणाची संस्था उभी राहिली, व १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तथापि पुण्याबाहेरच्या अभ्यासकास ‘कुंकू’ वा ‘माणूस’ पाहण्याची संधी क्वचितच मिळे. व्हिडिओ कॅसेट, नंतर व्हीसीडी, त्यानंतर डीव्हीडी यांनी हे चित्रपट घरोघर नेले. हे उपकार लहान नव्हेत. म्हणूनच त्यांच्यातील उणिवांचा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडावयास हवा. कारण आज बहुसंख्य वाचकांच्या दृष्टीने तबकडी हाच चित्रपट होऊन बसला आहे.

पहिली उणीव चित्राची. व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक लक्ष बिंदूंचे असते. डीव्हीडीवर ते चार लक्षांच्या जवळ जाते. उलट मूळ फितीवरून आज काळजीपूर्वक उतरविलेल्या चित्रात तीस लक्षांहून अधिक बिंदू असू शकतात. व्हीसीडीत पडद्यावरील छाया एकजीव काळ्या होतात आणि दूरच्या मुद्रा पुसल्या जातात. असे चित्र पाहून ‘त्या काळचे छायालेखन बाळबोध होते’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी तबकडीचा दोष दामले-फत्तेलाल यांच्या माथी मारीत असतो.

दुसरी उणीव चौकटीची. बोलपटांच्या त्या काळात पडद्याची लांबी-रुंदी स्थूलमानाने ४:३ या प्रमाणात असे. आजच्या रुंद दूरचित्रवाणी-संचास चित्र पुरे बसावे म्हणून ते वरून व खालून छाटले, तर १६:९ च्या चौकटीत मूळ उंचीचा बरोबर चौथा हिस्सा नाहीसा होतो. ‘संत तुकाराम’च्या शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठास जातात व आवली भूमीवरच राहते. वर आकाश आणि खाली संसार, या उभ्या रचनेवरच त्या प्रसंगाचा अर्थ उभा आहे. तेथे वरचा व खालचा भाग कापणे म्हणजे अभंगाचा एक चरण गाळण्यासारखेच होय.

तिसरी उणीव गतीची व स्वराची. बोलपटाची फीत सेकंदास २४ चित्रे या गतीने चालते. आपल्याकडील जुनी दूरचित्रवाणी-पद्धती २५ चित्रांची. फीत जशीच्या तशी या पद्धतीवर उतरविली की १३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ सुमारे १२६ मिनिटांत संपतो. पाच मिनिटे कोणी कापली नाहीत, तरी ती गेली. त्याहून महत्त्वाचे असे की स्वर सुधारून न घेतल्यास गायन अर्धस्वराच्या सुमारे सत्तर टक्क्यांनी वर चढते. विष्णुपंत पागनीस यांच्या शांत, खालच्या अंगाने येणाऱ्या गायनाविषयी आणि केशवराव भोळे यांच्या संगीतरचनेविषयी मत देणाऱ्याने आपण कोणत्या पट्टीतले गाणे ऐकले, हे आधी तपासावयास नको काय? शिवाय व्हीसीडीवर ७४ ते ८० मिनिटांहून अधिक मजकूर मावत नाही. त्यामुळे हा चित्रपट दोन तबकड्यांत तुटतो, आणि तो कोठे तुटावा हे दिग्दर्शक ठरवीत नाही, तबकडीची धारणाशक्ती ठरविते.

चौथी उणीव ध्वनीची. १९३७ च्या ‘कुंकू’त शांतारामांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवरच भिस्त ठेवली. त्या घरातील घड्याळाचे ठोके हे जवळजवळ एक पात्रच आहे. जुन्या ध्वनिपट्टीवरील खरखर काढण्यासाठी सरसकट गाळणी लावली की खरखरीबरोबर खोलीचे हे सूक्ष्म आवाजही जातात. मग जी शांतता अर्थगर्भ होती ती केवळ रिकामी वाटू लागते, व ‘चित्रपट मधून मधून मंदावतो’ अशी टीका होते.

पाचवा प्रश्न पाठाच्या अभिज्ञानाचा. ‘प्रभात’चे अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन स्वतंत्र रूपांत चित्रित झाले. १९४१ च्या ‘शेजारी’त हिंदू शेजारी केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त ती भूमिका मझहर खान यांची आहे. गजानन जागीरदार दोन्हींत मुसलमान शेजारी झाले. हिंदू नट मुसलमान आणि मुसलमान नट हिंदू, हा अर्थपूर्ण योग हिंदी रूपात आहे, मराठीत नाही. जी तबकडी हाती लागली तिच्यावरून दुसऱ्या रूपाविषयी लिहिणे हा सरळ पाठदोष आहे. फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून दाखविली जाणारी रिळे वस्तुतः १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासकांनी दाखविले आहे, तेव्हा ही शंका केवळ पांडित्याची हौस नव्हे.

याबाबत परदेशातील एक उदाहरण बोधप्रद आहे. जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट १९७९ चा. १९८० मध्ये अमेरिकेत तो प्रदर्शित करताना नटांचे मूळ उच्चार काढून त्यांवर अमेरिकन आवाज चढविण्यात आले. मूळ आवाजासह तो तेथील घरगुती तबकडीवर यावयास २००२ साल उजाडले. वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकन रसिक दुसऱ्याच्या आवाजातील नायकाविषयी मते बनवीत होता. परंतु तेथील रसिकांनी प्रत्येक आवृत्तीची मागील आवृत्तीशी तुलना केली, उणिवा दाखविल्या, व प्रकाशकांस पुनःपुन्हा नव्या आवृत्त्या काढणे भाग पडले. आपल्याकडे उणीव आहे ती या तुलनेची.

यावर असा आक्षेप येईल की मूळ फितीच उरल्या नाहीत तेथे तबकडीला दोष का द्यावा? आक्षेप अंशतः खरा आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फितींच्या कोठारास लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांचा अमूल्य ठेवा जळाला. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. मूळ हस्तलिखित नष्ट झाले की उरलेल्या प्रतींची किंमत वाढते, आणि प्रत्येक प्रत कोठून आली याची नोंद अधिकच अवश्य होते. शिवाय जेथे सामग्री उपलब्ध आहे तेथे काय साधता येते, हे श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या ‘मंथन’ने दाखविले आहे, त्याची पुनरुज्जीवित प्रत २०२४ मध्ये कान येथील महोत्सवात दाखविण्यात आली.

आमची मागणी माफक आहे. भिवंडीच्या यंत्रमागावरचे कोरे कापड विकत घेणारा व्यापारी रीड किती, पिक किती, सूत कोणत्या नंबरचे, हे विचारल्यावाचून सौदा करीत नाही. जवळच्या वळ गावाच्या गोदामांत उतरणाऱ्या साध्या खोक्यावरही माल कोठून आला याची चिठ्ठी असते. मग मराठी चित्रकलेच्या ठेव्यावर ती का नसावी? तबकडीच्या, अथवा आता तिची जागा घेऊ लागलेल्या अन्य माध्यमांच्या, प्रत्येक आवृत्तीवर चार गोष्टी नमूद असाव्यात : मूळ फीत कोणती व कोठली, चौकटीचे प्रमाण काय, गती व स्वर सुधारला आहे की नाही, आणि मूळ लांबीच्या मानाने काही भाग गळाला आहे काय.

ही नोंद प्रकाशकांकडून येईल तेव्हा येवो. तोपर्यंत आपल्या विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधांत, ग्रंथाची आवृत्ती नोंदवितो तशीच, पाहिलेल्या चित्रपटाची प्रत, रूप व कालमान नोंदविण्याचा दंडक घालणे आपल्या हाती आहे. आवलीचा आवाज कोणत्या पट्टीत होता, हे ज्याने तपासले नाही त्याने तिच्या आक्रोशाविषयी निर्णय देण्याची घाई करू नये.