दोरीला दोरी म्हणताना

मराठीत दोरीला नुसती दोरी म्हणणारा माणूस बहुधा शहरातला असतो. ज्याला ती रोज हाताळावी लागते, त्याचे या एका शब्दावर भागत नाही. जनावर ज्याने खुंट्याला बांधतात ते दावे, आणि जनावरे ओळीने जिथे बांधतात ती दावण. बैलाच्या नाकातून जाते ती वेसण, तोंडाभोवती बसते ती मोरकी, आणि हाकणाऱ्याच्या मुठीत राहतो तो कासरा. विहिरीवर मोट होती त्या काळी मोटेचा सारा भार पेलणारा जाड नाडा वेगळा, आणि तिची सोंड उचलून धरणारा बारीक सोंदूर वेगळा. या दोघांच्या लांबीचा मेळ चुकला की पाणी थारोळ्यात न पडता पुन्हा विहिरीत जायचे. तेव्हा दोघांना एकच नाव देणे मोटकऱ्याला परवडणारे नव्हते.

घरात या. मुलाच्या कमरेला करदोरा, परकराला नाडी, बटूच्या खांद्यावर जानवे. ‘मुंज’ या शब्दात तर मुंज नावाच्या गवताची मेखलाच बसलेली आहे. आकाशकंदील वर चढवायला आपण शोधतो ती सुतळी. तीच गुंडाळून केलेल्या फटाक्याने शेजारचे आजोबा दचकतात, तो सुतळी बॉम्ब. वाचकहो, माझे चऱ्हाट लांबत चालले आहे हे मला दिसते आहे. पण पाहा, लांबणाऱ्या बोलण्यालासुद्धा आपण दोरीचेच नाव दिले.

ही नावे बहुतेक वेळा दोरी कशाची आहे ते सांगत नाहीत. ती काय धरते, कोणाला धरते, आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे ते सांगतात. माझ्या मते मराठी गद्याला मिळालेली ही मोठी देणगी आहे. आजचे गद्य ती कशी वापरते, एवढेच मला पाहायचे आहे.

इंग्रजीतला ‘कॉर्ड’ हा शब्द याच्या उलट वागतो. त्याचे मूळ ग्रीक, अर्थ आतड्याची तार. पुढे गळ्यातल्या स्वरतंतूंना तेच नाव, पाठीच्या कण्यातल्या दोराला तेच, बाळाच्या नाळेलाही तेच. रचून ठेवलेल्या १२८ घनफूट जळाऊ लाकडालासुद्धा तेच नाव आहे. वर्तुळातल्या रेषेचे इंग्रजी नावही त्याच कुळातले. आपल्या गणितात मात्र ती रेषा ‘जीवा’ झाली. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. ज्याने हा शब्द योजला त्याने वर्तुळाच्या तुकड्यात धनुष्य पाहिले. त्याने भाषांतर केले नाही, डोळे वापरले. आमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांना हे नेहमी साधलेले नाही. तिथे जिकडेतिकडे ‘रज्जू’. ‘समपृष्ठरज्जू प्राणी’ म्हणताना दहावीच्या मुलांची जीभ अडखळते, आणि ‘मज्जारज्जू’मधली मज्जा तेवढी त्यांना कळते.

एक उसनवारी मात्र फार सुरेख उतरली आहे. पाळणा झुलवणारा हात जगावर राज्य करतो, ही कल्पना विल्यम रॉस वॉलेस या अमेरिकन कवीच्या १८६५ मधल्या कवितेने रूढ केली. तिचे मराठी रूप आपल्या घराघरांत पोचले, पण येताना हाताच्या जोडीला दोरी घेऊन आले. तिकडचा पाळणा जमिनीवर डुलतो, त्याला हात लावावा लागतो. आमचा पाळणा आढ्याला टांगलेला. त्याची दोरी हातात धरून बाई चार पावलांवर बसून तांदूळ निवडते, भाजी चिरते. मूळ कल्पनेत गौरव होता. मराठीत तो राहिलाच, वर एका हाताने पाळणा आणि दुसऱ्या हाताने घर चालवणाऱ्या बाईचे कष्टही आले. एका वस्तूने एवढे काम केले.

आता आमच्या समीक्षेकडे वळतो, कारण खरी तक्रार तिथली आहे. कोणतेही परीक्षण उघडा. लेखकाची मातीशी नाळ जुळलेली असते. ती घट्ट असते, अतूट असते, शहरात वीस वर्षे काढूनही तुटलेली नसते. या लिहिणाऱ्यांनी एखाद्या सुईणीला विचारायला हवे होते. नाळेचे काम नऊ महिन्यांचे. मूल जन्मले की ती कापायचीच असते, आणि कापल्यावर मूल स्वतःच्या तोंडाने दूध पिते. गावाला सोडून आलेल्या लेखकाबद्दल बोलायचे तर तो कापल्या नाळेचा माणूस आहे, आणि म्हणूनच तो लिहू शकतो. नाळ जिथे पुरली त्या जागेची ओढ वाटणे निराळे. आमच्या आयाबाया हा फरक जाणत होत्या. टीकाकारांनी दोन्हींचा एकच गोळा केला.

कादंबरीकारही मागे नाहीत. अलीकडच्या कितीतरी ग्रामीण कथांत नायक ‘बैलाची दोरी’ धरून उभा असतो. कोणती दोरी? वेसण धरली असेल तर बैल अडलेला आहे, कासरा धरला असेल तर चाललेला आहे, दावे धरले असेल तर त्याला विकायला नेत आहेत. तीन वेगळे प्रसंग, आणि लेखकाला त्यांतला कोणता हवा आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही! याच्या शेजारी आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) ठेवून पाहा. मळ्यावर राबणारा नारबा ती आपल्या बोलीत सांगतो. ट्रॅक्टर येतो आणि जनावरे जातात, कथानक म्हणाल तर एवढेच. पण दावणीवरची जनावरे हेच त्याचे गोत असल्यामुळे, दावण ओस पडते तेव्हा माणूसच उघडा पडतो. ही शोकांतिका ‘दोरी’ या शब्दावर उभी राहिली नसती.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती अवघड आहे. हे नाडे, सोंदूर, कासरे, दावी वळणारे हात कोणाचे होते? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावकीची सारी व्यवस्था मांडलेली आहे. मांग, म्हणजे आजचा मातंग समाज, गावाला दोर पुरवी आणि बदल्यात खळ्यावर बलुते मिळे. ज्याने गावातले प्रत्येक जनावर बांधण्याची सोय केली, त्याला गावाने वेशीबाहेर बांधून ठेवले. जुने शब्द गेले म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे आठवावे. ती बलुतेदारी गेली हे उत्तमच झाले. त्याच समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली, तेव्हा नायकाच्या हाती चऱ्हाट दिले नाही, तलवार दिली. हा निवाडा मला पुरता पटतो. तरीही वाटते, की दोराचे नाव विसरणारी कादंबरी तो वळणाऱ्यालाही सहज विसरते. मोल्सवर्थने १८३१ मध्ये, आणि सुधारून १८५७ मध्ये, आपल्या कोशात मराठी शब्दांचा केवढा साठा करून ठेवला. पण कोशात शब्द सापडतो, तो वळणारा माणूस सापडत नाही. त्याला आणायचे काम कादंबरीचे.

मोट गेली, नाडा-सोंदूर गेले, त्यांना परत आणणे कोणाच्या हाती नाही. पण पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात जाऊन पाहा. अंबाडीचे आणि घायपाताचे दोर कमी झाले आहेत. निळ्या, पिवळ्या, तांबड्या नायलॉनची भेंडोळी टांगलेली असतात, आणि पुष्कळदा ती वजनावर विकली जातात. त्यांच्यापुढे उभा राहिलेला शेतकरी बोटांनी पीळ चाचपतो आणि दुकानदाराला म्हणतो, “कासऱ्याची जोडी दाखवा. आणि दोन मोरक्या.”