दीड व्होल्टचा ऐवज

यंत्रांचं वेड असलेल्या माणसाचा यंत्र विकणाऱ्यांवर विश्वास असलाच पाहिजे असं काही नाही. माझा तर अजिबात नाही. नवा फोन येणार असला की मी त्याच्या अनावरणाचा सोहळा शेवटपर्यंत पाहतो आणि वाक्यावाक्याला शंका घेतो. २०१६ साली ॲपलने आयफोनचं हेडफोनचं भोक बुजवलं आणि व्यासपीठावरून त्याला ‘धैर्य’ म्हटलं. तेव्हापासून कुठल्याही कंपनीच्या तोंडून विशेषण निघालं की माझा हात आधी खिशाकडे जातो. अशा कडवट रसिकाला आजही मनापासून आवडणारी एक वस्तू तुमसर, लाखनी, पवनी, कुठल्याही गावच्या किराणा दुकानात काडेपेट्यांच्या शेजारी मिळते. टॉर्चमधला मोठा सेल.

आधी त्याच्यावरचा मजकूर वाचू. कंपनीचं नाव, दीड व्होल्टचा आकडा, टोपीकडे अधिकचं चिन्ह, तळाकडे उणे. मग दुकानदारालाही चष्मा शोधावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत सूचना. आगीत टाकू नका, पुन्हा चार्ज करू नका, जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. क्रियापदं सगळी नकारार्थी! आपण काय करून दाखवू याची फुशारकी कुठेच नाही, तुम्ही काय करायचं नाही तेवढं सांगून लेखक थांबला आहे. हा संयम मला फार आवडतो. अर्थात विशेषणाचा मोह इथेही पुरता सुटलेला नाही. पुष्कळ सेलांवर ‘हेवी ड्यूटी’ असं छापलेलं असतं. असा सेल बहुधा जस्त-क्लोराइडचा असतो, म्हणजे अगदी साध्यापेक्षा बरा आणि अल्कलाईनपेक्षा चांगलाच दुबळा. तीन भावांतला मधला, पण दारावर पाटी पैलवानाची.

आता आत शिरू. संपलेला सेल दगडाने फोडला नाही असं पोर आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. वरचा पत्रा सोलला की जस्ताचा डबा, त्याच्या आतून कागदाचा थर, मग काळाकुट्ट ओलसर भुगा आणि मधोमध कार्बनची कांडी. कांडीने भिंतीवर रेघोट्या ओढायच्या आणि काळे हात चड्डीला पुसून घरी मार खायचा, एवढंच तेव्हा कळायचं. ही रचना किती जुनी आहे ते फार नंतर वाचलं. लक्लांशे या फ्रेंच माणसाने १८६६ मध्ये या घटाचं पेटंट घेतलं, आणि १८८६ मध्ये गास्नर या जर्मनाने त्यातलं सांडणारं पाणी घालवून तो कोरडा केला. मूळ कथानक आजही तेच आहे. जस्ताने इलेक्ट्रॉन सोडायचे, मँगनीज डायऑक्साइडने ते घ्यायचे, आणि जाता जाता वाटेत तुमचा दिवा लावायचा.

त्या काळ्या भुग्यात हेच मँगनीज डायऑक्साइड असतं, म्हणून भंडाऱ्याच्या माणसाने तो जरा आदराने हाताळावा. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर गोबरवाहीच्या पुढे डोंगरी बुजुर्ग लागतं. तिथे मॉइल या सरकारी कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे. जिल्ह्यातलीच चिखला खाण भुयारी, ही मात्र वरून दिसणारी. मँगनीज म्हटलं की लोकांना पोलादाचे कारखाने आठवतात, आणि बहुतेक खनिज जातंही तिकडेच. पण डोंगरी बुजुर्गचं नाव आहे ते मँगनीज डायऑक्साइडसाठी. ड्राय सेलच्या धंद्याला नेमका हाच माल लागतो. विजेच्या साहाय्याने तो आणखी शुद्ध करण्याचा कारखानाही मॉइलने तिथेच काढला. आपला जिल्हा पितळेची भांडी, धान आणि तलाव यांचा अभिमान मिरवतो. टॉर्चमधल्या उजेडाशी आपला असा धातूचा संबंध आहे, हे कुणी सांगत नाही. आयफोनच्या पाठीवर तो कॅलिफोर्नियात डिझाइन झाल्याचं कोरलेलं असायचं. सेलच्या पाठीवर डोंगरीचं नाव कधी आलं नाही.

या कृतीतला माझा सर्वांत आवडता भाग म्हणजे सेलचं म्हातारपण. तो एकाएकी मरत नाही. जसजसं जस्त झिजतं आणि मँगनीजची घ्यायची ताकद सरते, तसतसा विजेचा दाब उतरत जातो, आणि जुन्या बल्बच्या टॉर्चमध्ये ते डोळ्यांना दिसायचं. पांढरा उजेड पिवळा व्हायचा, पिवळा तांबूस व्हायचा. धानाच्या बांधीवर रात्रीचं पाणी द्यायला निघालेला माणूस तो रंग पाहून ठरवायचा, की आज शेत गाठेल, उद्या नवे सेल घ्यावे लागतील. मग म्हातारा सेल उन्हात ठेवायचा. यात अंधश्रद्धा नाही, ऊब मिळाली की आतली रासायनिक हालचाल थोडी वाढते आणि एखादी रात्र निघते. टॉर्चमधून निवृत्त झालेला सेल रेडिओत जायचा. तिथूनही काढला की पेन्सिल सेलाची रवानगी भिंतीवरच्या घड्याळात, कारण घड्याळाला इतका थोडा प्रवाह लागतो की टॉर्चने टाकलेला सेलही त्यात महिनोन्‌महिने काटे फिरवतो. उतारवयाची इतकी सविस्तर सोय दुसऱ्या कुठल्या उपकरणात केलेली मी पाहिली नाही.

याच्या शेजारी फोन ठेवून बघा. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करत होतो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केलं, असं कारण दिलं, आणि तांत्रिक बाजूने ते खोटंही नव्हतं. पण ग्राहकाला सांगितलं नव्हतं, आणि त्याला वाटत होतं की फोनच म्हातारा झाला, आता नवा घ्यावा. बोंबाबोंब झाल्यावर भारतात बॅटरी बदलण्याचा दर साडेसहा हजारांवरून दोन हजारांवर आला. म्हणजे दोन हजारांत भागणारं काम होतं! आमचा सेल पिवळा पडून स्वतःच सांगायचा की मी थकलो. तिथे थकवा लपवण्यासाठी पगारी माणसं नेमली होती.

सेलचं दुसरं सौंदर्य त्याच्या मापात आहे. मोठा असो की पेन्सिल, माप ठरलेलं, आणि कुठल्याही कंपनीचा सेल कुठल्याही कंपनीच्या टॉर्चमध्ये बसतो. झाकण फिरवायचं, जुना काढायचा, नवा घालायचा. एवढी साधी गोष्ट कानात घालायच्या बिनतारी बोंड्यांना जमलेली नाही. ॲपलचे एअरपॉड्स उघडून पाहिल्यावर आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या मंडळींनी त्यांना दहापैकी शून्य गुण दिले होते. इतकं लांब जायचीही गरज नाही. आठवडी बाजारात मिळणारा चार्जिंगचा टॉर्च घ्या. मी घेतलेला एक पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला नाही. आतली बॅटरी फुगली होती, बदलायला झाकणच नव्हतं, आणि दुकानदाराने शांतपणे सांगितलं, “भाऊ, हा रिपेरचा माल नसते. दुसरा घेऊन जा.” रानडुकरांच्या राखणीला मचाणावर बसणाऱ्याने असल्या वस्तूवर रात्र सोपवू नये.

एवढं कौतुक झाल्यावर कंपन्यांकडे वळलो नाही तर माझ्या स्वभावाचा अपमान होईल. लाल सेल घरोघरी पोचवणारी एव्हरेडी अनेक वर्षं युनियन कार्बाइड इंडियाचा माल होती. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये वायू सुटला तो याच कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून. नवाच्या आकड्यातून उडी मारणारी मांजर तेव्हाही सेलवर होती. १९९४ मध्ये कंपनी कोलकात्याच्या चहावाल्या खेतान समूहाकडे गेली. त्याच्या आधीच ‘गिव्ह मी रेड’ ही जाहिरात गाजू लागली होती. जाहिरात झकास होती, पण लाखांदूरच्या दुकानात तसं कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. तिथे ‘लाल सेल द्या’ एवढ्यात काम होतं.

खरा मासला पुढे आहे. १९ एप्रिल २०१८ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने निकाल दिला, की एव्हरेडी, निप्पोवाली इंडो नॅशनल आणि पॅनासोनिक या कंपन्या संगनमत करून जस्त-कार्बन सेलांच्या किमती ठरवत होत्या. एव्हरेडीला १७१.५५ कोटींचा दंड, इंडो नॅशनलला ४२.२६ कोटींचा. पॅनासोनिकने आधीच जाऊन सगळं सांगून टाकलं, म्हणून तिला पूर्ण माफी. पुढे अपिलं झाली, ती व्हायचीच. सेलांची मापं सगळ्यांची सारखी असतात याचं मी वर गुणगान केलं, तर यांनी भावही सारखे करून ठेवले होते.

आणि सेल स्वस्त आहे हाही भ्रमच. दहा रुपयांचा साधा पेन्सिल सेल हलक्या वापरात फार तर एक-दीड वॅट-तास वीज देतो. हिशेब केला तर एक युनिट सहा-सात हजारांच्या खाली येत नाही. महावितरणच्या बिलावर ओरडणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा. आपण पैसे विजेचे देत नाही, वीज खिशात घालून नेता येते त्याचे देतो.

झाकण नसलेल्या उपकरणांचं म्हणाल, तर युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून त्यांत ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी बॅटरी सक्तीची केली आहे. त्यातही टिकाऊ बॅटरी आणि पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनांना पळवाट ठेवली आहे, तेव्हा फार हुरळून जाऊ नका. तोवर खरेदीचं सांगतो. भिंतीवरच्या घड्याळात साधा जस्त-कार्बन पेन्सिल सेल पुरतो, तिथे महागडा अल्कलाईन घालू नका. शेताच्या टॉर्चसाठी झाकण फिरवून उघडणारा, मोठ्या सेलांचा टॉर्च घ्या आणि सगळे सेल एकदमच बदला. घेताना तळाची तारीख बघा. पावसाळा संपून टॉर्च कपाटात ठेवायचा झाला तर सेल काढूनच ठेवा, कारण जस्ताचा डबा आतून खाल्ला गेला की पाझरतो आणि स्प्रिंग हिरवी करून टाकतो, मग त्याच्यावर लाल मांजर असो की निळी पट्टी.