धोक्याचं कोष्टक आणि हरण्याची तयारी

'लोकशाही धोक्यात आहे' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की धोका म्हणजे नेमकं काय आणि तो मोजायचा कसा, हे विचारायचं राहूनच जातं. ज्यांनी हा प्रश्न आयुष्यभर चिकाटीने विचारला, त्या ॲडम प्शेवोर्स्की या राज्यशास्त्रज्ञाच्या कामाची आज आपण तपासणी करू. त्यांचा जन्म १९४० चा, वॉर्साचा. अध्यापन शिकागोत आणि पुढे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत.

आधी त्यांची व्याख्या पाहू. १९९१ च्या 'डेमॉक्रसी अँड द मार्केट' या ग्रंथात ते सांगतात, की सत्ताधारी पक्ष जिथे निवडणूक हरू शकतो आणि हरला की जातो, ती लोकशाही. बस, एवढंच? समता नाही, न्याय नाही? तत्त्वज्ञान शिकवलेल्या आम्हाला ही व्याख्या पहिल्या वाचनात दरिद्रीच वाटते. पण जरा थांबा. ज्याच्या हाती पोलीस, सैन्य आणि खजिना आहे, असा माणूस केवळ मतमोजणीचे आकडे पाहून खुर्ची सोडतो, ही इतिहासातली साधी गोष्ट नव्हे. प्शेवोर्स्की तिचं कारण देतात ते असं: हरणाऱ्याला पुढच्या खेपेला जिंकण्याची वाजवी आशा असते, म्हणून बंडापेक्षा वाट पाहणं त्याला परवडतं. ही आशा गेली, की हिशेब उलटतो.

आता मोजमापाकडे येऊ. १९५० ते १९९० या काळातल्या १३५ देशांची माहिती त्यांनी सहकाऱ्यांसह गोळा केली. निष्कर्ष गाजला. दरडोई वार्षिक उत्पन्न १,००० डॉलरच्या खाली असेल, तर लोकशाहीचं अपेक्षित आयुष्य सुमारे साडेआठ वर्षं, म्हणजे कोसळण्याचा धोका दरवर्षी साधारण १२ टक्के. १,००० ते २,००० च्या दरम्यान सोळा वर्षं. आणि ६,०५५ डॉलर, म्हणजे १९७५ सालच्या अर्जेंटिनाचं उत्पन्न, या रेषेच्या वर त्या काळात एकही लोकशाही कोसळलेली नाही. (हे डॉलर क्रयशक्तीनुसार, १९८५ च्या किमतींचे.) श्रीमंती लोकशाही जन्माला घालतेच असं नाही, पण जन्मलेली टिकवते, हा त्यांचा बारकावा मोलाचा आहे.

मग भारताचं काय? या कोष्टकाच्या तळाशी असलेला आपला देश त्यांच्या हिशेबात ठळक अपवाद ठरतो. इथे आमचा पहिला आक्षेप आहे. विमा कंपनीचं कोष्टक हप्ता किती घ्यायचा ते सांगतं. अमुक गणपतराव पुढल्या वर्षी असतील की नाही, ते सांगत नाही. बारा टक्के हा एका गटाचा गुणधर्म आहे. एखाद्या देशाने काय केलं, कोण उभं राहिलं, कोण वाकलं, याचं उत्तर त्यात नसतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकशाही 'आहे' किंवा 'नाही' अशा मोजपट्टीला मृत्यू दिसतो, आजार दिसत नाही. आपल्याकडे जून १९७५ ते मार्च १९७७ या एकवीस महिन्यांत विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती, लोकसभेची मुदत वाढवली गेली. मग निवडणूक झाली, सत्ताधारी हरले आणि गेले. व्याख्या समाधानी! पण मधल्या काळात काय पणाला लागलं होतं, ते तिच्या नजरेतून निसटतं. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत निर्भयपणे बोलल्या. १९७६ साली न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सर्वोच्च न्यायालयात एकट्याने भिन्नमत नोंदवलं. दरडोई उत्पन्नाच्या कुठल्या रकान्यात हे बसवणार?

प्शेवोर्स्की यांच्या बाजूने सांगायला हवं, की ते स्वतःच पुढे गेले. २०१९ च्या 'क्रायसीज ऑफ डेमॉक्रसी'मध्ये ते तुर्कस्तान, व्हेनेझुएला, हंगेरी आणि पोलंड यांच्याकडे वळतात. तिथे रणगाडे आले नाहीत. कायद्याच्या वाटेनेच एकेक खिळा सैल केला गेला. प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर वैध, मग नागरिकाने नेमक्या कुठल्या दिवशी 'आता पुरे' म्हणायचं? हा प्रश्न त्यांनी अचूक मांडला. पण खिळे सैल होताना दिसायचे, तर ती होय-नाहीची पट्टी बाजूला ठेवावी लागते. ती अडचण उरतेच.

तरीही व्याख्या टाकून देऊ नका. २०२३ च्या ऑक्टोबरात पोलंडच्या मतदारांनी आठ वर्षांच्या सत्ताधारी पक्षाचं बहुमत काढून घेतलं आणि डिसेंबरात सरकार बदललं. न्यायसंस्थेची झालेली मोडतोड त्याने एका रात्रीत भरून आली नाही. पण हरणारा गेला, म्हणूनच दुरुस्तीचा प्रश्न निदान उभा तरी राहू शकला. दरिद्री वाटणारी व्याख्या अशा वेळी श्रीमंत ठरते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. या संशोधनातून 'उत्पन्न वाढलं की लोकशाही सुरक्षित' असा दिलासा कुणी काढत असेल, तर त्यापासून सावध राहा. आकडे मागे किती घरं पडली ते सांगतात. आपल्या घराच्या भिंतीला ओल आली आहे का, ते आपल्यालाच हात लावून पाहावं लागतं. आणि पाहायचं काय, ते मात्र प्शेवोर्स्की यांच्याकडूनच शिकावं: आज जो हरला, त्याला उद्या जिंकण्याची खरीखुरी संधी उरली आहे का?