मराठी साहित्यांतील शाळामास्तर

शाळामास्तर हा मराठी साहित्याला नवा नाहीं. इ. स. १८६९ मध्यें जोतीराव फुले ह्यांनीं विद्याखात्यांतील पंतोजींवर पवाडा लिहिला, तेव्हांपासून आजतागायत त्याची स्वारी आमच्या ग्रंथांतून बहुधा दोनच वेषांत हिंडत आली आहे. एका वेषांत तो छडी, तपकीर आणि आळस ह्यांचा धनी असून उपहासाचा विषय होतो. दुसऱ्या वेषांत तो त्यागमूर्ति होऊन वंदनाचा विषय होतो. परंतु ह्या दोहोंपैकीं कोणत्याहि चित्रांत तो शिकवितांना क्वचितच दिसतो. सुताराचें वर्णन करणाऱ्या लेखकाला रंध्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून चैन पडत नाहीं. मास्तराच्या हातांतील हत्यार कोणतें, ह्याची चौकशी मात्र आम्हीं फारशी केलेली नाहीं. ती येथें करण्याचा विचार आहे.

ह्या दृष्टीनें पहिली आठवण व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) होते. माणदेशांतील धनगरवस्तीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर तेथें आपली हकीकत सांगतो. ही कादंबरी अव्वल दर्जाची आहे, ह्याविषयीं आमचा वाद नाहीं. शाळेंत मुलें यावयाचीं, तर आधीं कारभाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो, हें तिनें किती नेमकें टिपलें आहे! मास्तर लोकांच्या अडीअडचणींत पडतो, तालमीची इमारत उभी करवितो. गांव त्याला आपला मानूं लागतो. परंतु पुस्तक मिटल्यावर वाचकाला ती तालीम जितकी स्पष्ट आठवते, तितका वर्गांतील एकहि धडा आठवत नाहीं. धनगराच्या पोराला पहिलें अक्षर कसें उमगलें आणि त्याआधीं तें कोठें अडलें, हें जाणण्याची इच्छा अपुरीच राहते. शाळा ही तेथें गांवांत शिरण्याची वाट आहे. लेखकाचा मुक्काम गांवांत आहे. तसें करण्याचा कादंबरीकाराला अधिकार आहे, म्हणून ह्यास दोष म्हणतां येत नाहीं. तथापि एवढ्या मोठ्या कृतींतहि वर्ग अंधुक राहावा, ह्यावरून आमच्या साहित्याची नजर कोठें पोंचत नाहीं, तें कळतें.

मग हें कौशल्य असतें तरी काय? गेल्या हिवाळ्यांत कन्नडजवळच्या एका तांड्यावरील शाळेंत आम्ही तासभर बसलों होतों. बाईंनीं ‘त्रेसष्ट’ लिहावयास सांगितलें. एका मुलीनें पाटीवर ३६ लिहिलें. आमच्यासारख्या महाविद्यालयीन पंडितानें तेथें फुली मारली असती. बाईंनीं ती मारली नाहीं. मुलीनें जसें ऐकलें तसेंच लिहिलें होतें. कारण मराठी शब्दांत तीन आधीं येतात आणि साठ मागून, अंकांत मात्र साठाचे सहा आधीं. बाईंनीं दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे डाव्या हाताला, तीन सुट्या काड्या उजव्या हाताला मांडल्या, खालीं पाटी ठेवली आणि पुन्हां लिहावयास सांगितलें. मुलीनें आपलें आपण पुसून ६३ लिहिलें. ही चूक आळसाची नसून तर्काची आहे, हें क्षणांत ओळखणें, हेंच तें हत्यार होय.

त्याच वर्गांत ‘आ’च्या चित्राकडे बोट दाखवितांच एक मुलगा ‘याडी’ म्हणाला. गोरमाटी बोलींत आईला याडी म्हणतात. बाईंनीं दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले, आणि ‘या’ला जो काना आहे तोच ‘आ’ला आहे, हें दाखविलें. मुलाचें घर न पुसतां त्याला पुस्तकाची भाषा मिळाली.

इ. स. २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हां महाराष्ट्रभर वादळ उठलें. गणितज्ञ मंगला नारळीकर ह्यांना तिचें समर्थन करावें लागलें. त्या वादांत कोणाचा पक्ष खरा, हा प्रश्न येथें नाहीं. परंतु भाषेच्या अभिमानाविषयीं जितकें बोललें गेलें, तितकें ३६ लिहिणाऱ्या मुलीविषयीं बोललें गेलें नाहीं, एवढें खरें.

‘बनगरवाडी’च्या शेवटीं दुष्काळानें लोक मेंढरें घेऊन निघून जातात आणि शाळा ओस पडते. तेथें करुणरस आहे. अनुताई वाघ ह्यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ह्या पुस्तकामागें जें कार्य उभें आहे, त्यांत ह्याच प्रश्नाला उत्तर शोधलेलें आढळतें. ताराबाई मोडक आणि अनुताई ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि पुढें १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठीं काम केलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनें कुरणांत जावें, असें म्हणून त्यांनीं कुरणशाळा काढली. कलाकृति म्हणून ‘बनगरवाडी’ श्रेष्ठ, हें आम्ही मानतों. परंतु शिक्षकाच्या धंद्याचें मर्म अनुताईंकडे अधिक आहे. दिवाळीनंतर ऊंसतोडीस निघणाऱ्या आमच्या मराठवाड्यांतील कुटुंबांमागें जाणारीं मुलें पाहिलीं, म्हणजे कोणत्या पुस्तकाची गरज अधिक आहे, हें सांगावें लागत नाहीं.

कोणी विचारील, साहित्यानें गुरुजींच्या त्यागाचे गोडवे गाइले, तर त्यांत बिघडलें काय? बिघडलें तें हें, कीं ज्याच्या कामांत केवळ त्यागच आहे, कसब नाहीं, त्याच्यावर वाटेल तें ओझें टाकावयास कोणास संकोच वाटत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि शिक्षकाला इतर कामें देऊं नयेत असें म्हणून जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीं कामें वगळलींच. जोतीरावांची दृष्टि अधिक व्यवहारी होती. १८८२ च्या हंटर कमिशनपुढील निवेदनांत त्यांनीं शिक्षकाकडे त्याग मागितला नाहीं. तो शिकून तयार झालेला असावा, प्रसंगीं नांगर किंवा सुताराचा वाकस हातीं धरणारा असावा, आणि त्याला दरमहा निदान बारा रुपये पगार मिळावा, असें सांगितलें.

आमच्या गौताळ्याच्या डोंगरापलीकडे, पायथ्याशीं, पाटण येथें शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिला, त्याच्या दानाचा तो लेख. मठाला दर घाण्यामागें पळीभर तेल द्यावें, हेंहि त्यांत मराठींत कोरलेलें आहे. तेथें लीलावतींतील एखादें गणित विद्यार्थ्याला कसें समजावून देत, तें मात्र कोणीं कोरलें नाहीं. शिलालेखाचें तें कामच नव्हे. साहित्याचें तें काम आहे, आणि आठशें वर्षांनंतरहि तें बव्हंशीं बाकी आहे. तें आम्हां प्राध्यापकांकडून व्हावयाचें नाहीं. ज्या हातांनीं ते सहा गठ्ठे मांडले, त्याच हातांनीं तें लिहावें. आम्हीं फार तर तें लक्षपूर्वक वाचावें.