मंगलमधला ‘ल’

रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या वर्गात मी कधी बसले नाही. तरी कितीतरी वर्षं माझा प्रत्येक अनुवाद त्यांनी काढलेल्या अक्षरांतून उमटत आला आहे. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्या अनेकांचं असंच असेल. ‘मंगल’ हा फॉन्ट आपण निवडत नसू, तो संगणकावर आधीच असायचा. म्हणून तो कुणीतरी बसून काढला असेल, हे मनातही येत नसे.

जोशी (१९३६–२००८) जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले, उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक झाले आणि १९८३ ते १९९६ या काळात आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत होते. ते कवी होते, सुलेखनकार होते. त्यांच्या सुलेखनाचं कौतुक होतं, मंगलकडे मात्र सरकारी परिपत्रकाचा फॉन्ट म्हणून नाक मुरडलं जातं. मला हा न्याय अपुरा वाटतो.

मी अनुवाद करू लागले तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले फॉन्ट असत. एकदा मी पाठवलेली कथा संपादकांकडे कंस आणि प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचली, कारण माझा फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता. युनिकोडने ही अडचण सोडवली, पण फॉन्टवर नवं काम टाकलं. ‘कि’ म्हणताना आपण आधी क् उच्चारतो, मग इ. युनिकोडमध्ये साठवण याच क्रमाने होते. लिहिताना मात्र ऱ्हस्व वेलांटी डावीकडे येते. साठवलेला क्रम न मोडता ती डावीकडे दाखवायची, जोडाक्षरं जुळवायची, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर चढवायचा. हे सगळं मंगल संगणकातल्या मजकूर मांडणाऱ्या प्रणालीच्या जोडीने गुपचूप करतो. अनुवादकाला या कामाची ओळख पटते. जमलं तर कुणाला दिसत नाही, चुकलं तर सगळ्यांना दिसतं.

मंगल निर्दोष आहे, असं नाही. त्यातला दंडयुक्त ‘ल’ मराठी डोळ्याला अजून खटकतो, आपला ‘ल’ पाकळीचा. हिंदी आणि मराठीची लिपी एकच म्हणतात, पण एका अक्षराच्या वळणावरून घर ओळखू येतं.

इथेच जोशींशी माझा मतभेद सुरू होतो. सर्व भारतीय भाषांसाठी एकच सामायिक लिपी असावी, म्हणून त्यांनी ‘देशनागरी’ची कल्पना मांडली होती. तिचं आकर्षण मला कळतं. मला तमिळ लिपी वाचता येत नाही. देशनागरी असती तर तमिळ ओळ निदान ओठांवर घेता आली असती. पण ओळ उच्चारता येणं म्हणजे ती कळणं नव्हे. देवनागरीसारख्या एका लिपीत जर दोन भाषांचे दोन ‘ल’ नांदतात, तर साऱ्या भाषांसाठी एक ‘ल’ कोणाचा धरायचा? ज्याचा वापर जास्त, त्याचाच धरला जाईल, अशी मला भीती वाटते.

गंमत अशी की या कल्पनेला सर्वांत भक्कम उत्तर जोशींच्याच कामात आहे. विंडोजसाठी मंगलबरोबर तमिळची लता, कन्नडची तुंगा, तेलुगूची गौतमी, मल्याळमची कार्तिका हे फॉन्टही त्यांच्या हातून घडले. प्रत्येक लिपीला तिची गोलाई, तिची जोडणी, तिचे हट्ट यांसह न्याय द्यावा लागला. देशनागरीत जे पुसलं गेलं असतं, ते इथे एकेका अक्षरात जपावं लागलं.

कन्नडमधून अनुवाद करताना मूळ मजकूर डावीकडे आणि माझा मजकूर उजवीकडे असतो. डावीकडे तुंगा, उजवीकडे मंगल. दोन्हींमागे एकाच माणसाचं काम, तरी दोन्ही पानं एकमेकांसारखी दिसत नाहीत. आपण दुसऱ्याच्या घरातून काही आणतो आहोत, याचं भान मला त्या फरकामुळे राहतं. म्हणून जोशींना गुरू मानायचं झालं, तर मी देशनागरीपाशी न जाता या दोन पानांपाशी बसेन. ‘ल’ची तक्रार मात्र करत राहीन.