इंग्रजी व इटालियन भाषांतील वाणी-मौनविषयक वाक्प्रचार : समतुल्यतेच्या कल्पनेची चिकित्सा

बीजसंज्ञा : वाक्प्रचार, समतुल्यता, मौन, अनुवाद, मान्त्सोनी, ओमेर्ता

प्रस्तावना

वाक्प्रचारांत त्या त्या भाषिक समाजाचा अनुभव साठवलेला असतो. त्यातही बोलणे आणि न बोलणे यांविषयीचे वाक्प्रचार विशेष अभ्यसनीय ठरतात. कारण कोणी बोलावे, कोणी गप्प बसावे आणि त्या गप्प बसण्याची किंमत कोणी मोजावी, याविषयीचे समाजाचे संकेत त्यांतून व्यक्त होतात. द्विभाषिक कोशांत इंग्रजी व इटालियन वाक्प्रचार समोरासमोर मांडलेले असतात आणि एक उचलून त्या जागी दुसरा ठेवला की अनुवादकाचे काम झाले, असा समज त्यातून निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. कोशातील समतुल्य वाक्प्रचार अर्थ सांगतो. परंतु बंधन कोणावर आहे आणि मौन स्वेच्छेचे आहे की भयाचे, हे तो बहुधा सांगत नाही.

प्रतिमा आणि अर्थ

मोना बेकर यांनी 'इन अदर वर्ड्स' (१९९२) या ग्रंथात वाक्प्रचारांच्या अनुवादाचे काही मार्ग सांगितले आहेत. समान अर्थ व समान रूप असलेला वाक्प्रचार योजणे हा त्यांतील पहिला, तर समान अर्थाचा पण भिन्न रूपाचा वाक्प्रचार योजणे हा दुसरा मार्ग होय.

दुसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे मुद्द्याला बगल देऊन बोलणे. इंग्रजीत त्यास 'बीट अराउंड द बुश' म्हणतात. झुडपांभोवती काठ्या आपटून पक्षी उठवण्याची शिकारीतील रीत त्यामागे आहे. इटालियनमध्ये 'मेनारे इल कान पेर लाइया', म्हणजे कुत्र्याला खळ्यावर फिरवत राहणे, असे म्हणतात. एक प्रतिमा शिकारीची, दुसरी शेतकऱ्याच्या खळ्यावरची. पण अर्थाला बाध येत नाही.

खरी अडचण पहिल्या मार्गात, जेथे प्रतिमा तंतोतंत जुळते तेथे, उद्भवते. 'बाइट वन्स टंग' आणि 'मोर्देर्सी ला लिंग्वा' या दोहोंचा शब्दार्थ 'जीभ चावणे' असाच आहे. इंग्रजी वाक्प्रचाराचा रोख मुख्यतः ओठांवर आलेले शब्द आवरण्याकडे आहे. इटालियन वाक्प्रचारात हा अर्थ आहेच, शिवाय बोलून गेल्यावर होणारा पश्चात्तापही आहे. मराठीत 'जीभ चावणे' म्हणजे भलतेच बोलून गेल्यावर ओशाळणे. एकच शारीरिक कृती इंग्रजीत प्रामुख्याने बोलण्यापूर्वीची, मराठीत बोलण्यानंतरची आणि इटालियनमध्ये दोन्हीकडची ठरते. रूपसाम्य ही अर्थसाम्याची हमी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

बंधन कोणावर?

गुपित राखण्याविषयीच्या वाक्प्रचारांत हा भेद अधिक सूक्ष्म होतो. 'आक्वा इन बोक्का', म्हणजे 'तोंडात पाणी', ही इटालियन उक्ती क्रियापदरहित आज्ञा आहे. तोंडात पाणी धरलेला मनुष्य बोलू शकत नाही, ही त्यामागील साधी कल्पना. ही उक्ती सामान्यतः ऐकणाऱ्याला उद्देशून असते. 'माय लिप्स आर सील्ड' हे इंग्रजी वचन मात्र बोलणारा स्वतःविषयी देतो. 'मम्स द वर्ड' दोन्ही बाजूंनी चालते. कोशाने हे तिन्ही एका ओळीत बसवले, तरी संवादाच्या अनुवादात त्यांची अदलाबदल झाल्यास गुपिताचे ओझे एका पात्राच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. मराठीतील 'मूग गिळून बसणे' तर येथे सर्वस्वी गैरलागू ठरेल. कारण त्यात बोलणे आवश्यक असताना गप्प राहिल्याचा दोषारोप आहे.

गुपिताची फोड : मान्त्सोनीचे उदाहरण

'स्पिल द बीन्स' या इंग्रजी वाक्प्रचारासमोर 'वुओतारे इल साक्को', म्हणजे पोते रिकामे करणे, हा इटालियन प्रतिशब्द दिला जातो. परंतु सांडणे अनवधानानेही घडते; पोते रिकामे करण्यात मात्र सर्व काही सांगून टाकण्याची पूर्णता आहे, म्हणूनच कबुलीजबाबाच्या संदर्भात ते शोभते.

हा भेद आलेस्सान्द्रो मान्त्सोनी यांच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीच्या (पहिली आवृत्ती १८२७) आरंभीच्या प्रकरणांना लावून पाहता येतो. १६२८ मध्ये दोन रोद्रिगो या सरदाराचे गुंड दोन आब्बोन्दियो या पाद्र्याला वाटेत अडवतात. रेन्त्सो आणि लुचिया यांचे लग्न लावायचे नाही आणि या धमकीची वाच्यताही करायची नाही, असे बजावतात. पाद्री घरी येऊन पेर्पेतुआ या सेविकेजवळ मन मोकळे करतो. तिच्या बोलण्यातून रेन्त्सोला सुगावा लागतो आणि तो पाद्र्याकडून त्या सरदाराचे नाव वदवून घेतो. विश्वासाने सांगणे, नकळत सुटणे आणि दडपणाखाली ओकणे असे गुपितफोडीचे तीन प्रकार येथे आहेत. इंग्रजी वाक्प्रचार तिन्हींवर पांघरूण घालू शकतो. 'पोते रिकामे करणे' पेर्पेतुआच्या चुकीला लागू पडत नाही. नेमक्या याच भेदावर पात्रांचे नैतिक मूल्यमापन अवलंबून आहे.

याच प्रसंगी पाद्री लॅटिन संज्ञांचा भडिमार करून रेन्त्सोला टोलवतो. हे बोलणे वस्तुतः मौनाचेच रूप आहे. रेन्त्सोच्या तोंडचा 'लातिनोरुम' हा शब्द पुढे इटालियन भाषेत दुर्बोध शब्दजंजाळासाठी रूढ झाला, ही बाब लक्षणीय आहे.

मौन : संमती की भय?

'सायलेन्स गिव्ह्ज कन्सेंट' आणि 'की ताचे आकोन्सेन्ते' यांचा उगम एकच आहे. पोप बॉनिफेस आठवे यांनी १२९८ मध्ये प्रसृत केलेल्या धर्मविधिसंग्रहातील ४३ वा नियम मौन ही संमती मानतो. मात्र लगतचा ४४ वा नियम मौन बाळगणारा कबुली देत नाही आणि नकारही देत नाही, असे सांगतो. लोकोक्ती झाली ती पहिल्या नियमाची. दुसरा विधिज्ञांपुरता राहिला. १५३५ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सर थॉमस मोर यांनी या पहिल्या सूत्राचाच आधार घेतल्याचे त्यांच्या चरित्रपरंपरेत सांगितले जाते. तथापि त्यांचा शिरच्छेद टळला नाही. संस्कृतातून मराठीत रुळलेले 'मौनं सम्मतिलक्षणम्' याच जातीचे आहे.

लेओनार्दो शाशा यांच्या 'इल जोर्नो देल्ला चिवेत्ता' (१९६१) या कादंबरीच्या आरंभी बसमध्ये चढणाऱ्या माणसाची भर चौकात हत्या होते आणि पोलीस येताच प्रवासी निमूटपणे पसार होतात. या मौनाला संमती म्हणणे हा अन्याय ठरेल. त्यासाठीचा 'ओमेर्ता' हा शब्द इंग्रजीने भाषांतर न करता जसाच्या तसा स्वीकारला. समतुल्य उपलब्ध नसल्याची ही एका भाषेने दिलेली कबुलीच होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रतिमाभेद अनुवादाला फारसा घातक नसतो. घातक असतो तो भूमिकाभेद. वाणी-मौनविषयक वाक्प्रचारांच्या कोशनोंदीत अर्थाबरोबर वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांचाही निर्देश असावयास हवा. अन्यथा भयाने मिटलेले तोंड अनुवादात संमतीचे होऊन बसते, आणि मूळ कृतीत ज्याच्यावर अन्याय झाला तोच दुसऱ्या भाषेत त्या अन्यायाचा भागीदार ठरतो.